दुकानातलं आजारी पिल्लू ‘सोडवून’ आणावं का?

प्रश्न ठाण्याहून आलाय. मुलीला नवव्या वाढदिवसाला ससा हवा होता म्हणून आईवडील तिला घेऊन दुकानात गेले. दोन फुटांच्या पिंजऱ्यात पंधराएक पिल्लं एकमेकांच्या अंगावर, खाली तारेची जाळी आणि एक पिल्लू कोपऱ्यात मान टाकून बसलेलं. दुकानदार म्हणाला, “महिन्याचं झालंय, काही करावं लागत नाही. गाजर-कोबी घाला, पाणी मात्र देऊ नका.” मुलगी रडायला लागली. त्या आजारी पिल्लालाच आपण नेऊ या, म्हणाली. तिला कसंबसं समजावून ते घरी आले आणि आता विचारतायत, ते पिल्लू आणावं का? चांगलं दुकान ओळखायचं कसं? आणि या दुकानाची तक्रार करायची तर कुठे?

मी पशुवैद्य आहे आणि ससे, गिनिपिग, हॅमस्टर, पिंजऱ्यातले पक्षी हेच माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पैसे देऊन आणू नका. दुकानदार फुकट देत असेल तर जरूर घ्या आणि घरी न जाता सरळ डॉक्टरकडे जा. मरायला टेकलेलं पिल्लू बरेच दुकानदार देऊन टाकतात, कारण पिंजऱ्यात मेलं तर बाकीची गिऱ्हाइकं बिचकतात. पैसे मोजलेत, तर त्याच्या वहीत तो एक खपलेला ससा असतो आणि पुढच्या खेपेला तो एक जास्त मागवतो. मुलीला हे समजावणं अवघड आहे, मान्य. पण नऊ वर्षांच्या मुलीला हिशेब कळतो.

आणि हा सगळा मामला हिशेबाचाच आहे. दुकानातल्या लहान प्राण्यांचे हाल बघून आपण दुकानदाराला निर्दय ठरवून मोकळे होतो. मी ज्यांना ओळखते त्यातले बरेच जण तसे नाहीत. काहींच्या घरी स्वतःची कुत्री-मांजरं लाडात वाढतायत. मेख अशी की ससा काही शे रुपयांना जातो, हॅमस्टर त्याहून स्वस्त, आणि पिंजरा, पाण्याची बाटली, भुसा, रंगीबेरंगी खाद्य यांचं बिल मात्र जनावराच्या कितीतरी पट होतं. नफा तिथे आहे. जनावर हे गिऱ्हाईक आत ओढण्यापुरतं. खेपेतली काही मरणार हे धरूनच दर ठरलेला असतो. अशा वेळी काही शे रुपयांच्या सशाला डॉक्टरकडे न्यायचं, तपासणीची फी भरायची, वर औषधं आणायची, हे त्याला परवडतच नाही. आजारी जनावर वेगळं ठेवायला जागा लागते, आणि मुंबई-ठाण्यात दुकानाची जागा म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून मान टाकलेलं पिल्लू त्याच पिंजऱ्यात राहतं, बाकी चौदांच्या सोबत.

तुम्हाला गर्दी आणि घाण दिसली. मला दवाखान्यात ज्या गोष्टी भोवतात त्या दुकानात उभं राहून दिसत नाहीत, आणि त्यातली पहिली म्हणजे वय.

सशाचं पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की गवत कुरतडायला लागतं, पण आईपासून पूर्ण तोडायला त्याला आणखी वेळ लागतो. निदान सहा, आणि घर बदलायचं तर आठ आठवडे. आईच्या दुधातल्या काही घटकांमुळे पिल्लाच्या पोटात घातक जंतू टिकत नाहीत. दूध कमी होत जातं तसं पोटातलं आम्ल वाढतं आणि मोठ्या आतड्यात गवत पचवणारे जंतू आपलं बस्तान बसवतात. हा बदल हळूहळू व्हावा लागतो. तो चालू असतानाच पिल्लू आईपासून उचललं, खोक्यात घालून रात्रभर प्रवास करवला, अनोळखी पिंजऱ्यात टाकलं आणि गवताऐवजी कोबी-गाजर-बिस्किट दिलं, तर पोट बिघडणार हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? त्यात कॉक्सिडिया नावाचे परजीवी. गर्दीच्या पिंजऱ्यात विष्ठेतून ते सगळ्यांना लागतात. धडधाकट मोठा ससा ते पचवतो, पाच आठवड्यांचं पिल्लू नाही. म्हणूनच ‘घरी आणलं, दोन-तीन दिवस छान खेळलं, मग जुलाब आणि एका रात्रीत गेलं’ ही हकिकत मला इतक्यांदा ऐकायला मिळते. वर दुकानदार सांगतो, “तुम्ही पाणी पाजलं असणार.” आणि घरचे स्वतःला दोष देत बसतात.

या पाण्याचं एकदाच सांगून टाकते. सशाला पाणी लागतं. किलोभर वजनाच्या सशाला दिवसाला साधारण 50 ते 150 मिली, उन्हाळ्यात आणखी जास्त. पाण्याने ससा मरतो हा समज आपल्याकडे गावोगाव आहे आणि दुकानदारांनी तो जपलाय, कारण पाणी दिलं नाही की पिंजरा कमी ओला होतो, वास कमी येतो. लघवी घट्ट होऊन मूतखडे होतात ते पुढे, आणि ते दुकानात कुणाला दिसत नाही.

लहान पिल्लंच का विकतात? गोड दिसतात म्हणून. तीन महिन्यांचा ससा लांबुडका, मोठ्या कानांचा, जरा आडदांड दिसतो; त्याच्यासाठी मूल हट्ट करत नाही. शिवाय आणखी महिनाभर ठेवायचा म्हणजे महिनाभर खायला घालायचं. आपल्याकडच्या मिश्र जातीतलं पिल्लू तळहातावर मावत असेल, तर ते विकायच्या वयाचं नाही. दुकानदार ‘मिनी’, ‘ड्वार्फ’, ‘टॉय’ असं काही म्हणत असेल तर बहुतेक वेळा ते नुसतं लहान वय असतं. सहा महिन्यांनी तोच ससा दोन-अडीच किलोंचा होतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे नर-मादी. “दोन्ही माद्या आहेत, भांडत नाहीत,” हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं. लहान पिल्लांत नर-मादी ओळखायला हात बसलेला लागतो, आणि दुकानात कुणी ते तपासत नाही. सशाची मादी चार-पाच महिन्यांत वयात येते, गाभण राहिल्यावर साधारण 31 दिवसांत विते आणि व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत परत गाभण राहू शकते. गिनिपिगचं तर याहून पुढे आहे. नर तीन आठवड्यांचा झाला की त्याला आईपासून आणि बहिणींपासून वेगळा करावा लागतो, आणि मादी महिनाभराची होते न होते तोच गाभण राहू शकते. पण दुकानात सगळी एकाच टबात. म्हणजे तुम्ही घरी नेलेली चार-पाच आठवड्यांची मादी आधीच पोटुशी असू शकते. गिनिपिगचा गर्भकाळ 59 ते 72 दिवसांचा, उंदराच्या जातीला न शोभेल इतका लांब, आणि पिल्लं केस-दात-उघडे डोळे घेऊनच जन्मतात, म्हणजे चांगली मोठी. कोवळ्या मादीला ते ओझं झेपत नाही. उलट सहा-सात महिन्यांपर्यंत एकदाही न व्यालेल्या मादीचा ओटीपोटाचा सांधा पक्का होत जातो. तिला नंतर दिवस राहिले तर पिल्लू अडकतं आणि सिझेरियन करावं लागतं. इतक्या छोट्या जीवाला भूल देऊन पोट उघडणं जोखमीचं आणि खर्चाचं. त्या खर्चाचा आकडा ऐकल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, कारण जनावर त्याच्या विसाव्या हिश्शात आलेलं असतं.

तिसरी म्हणजे गल्ल्यावरचा सल्ला. जनावराचं नुकसान सगळ्यात जास्त करते ती हीच, असं माझं मत झालंय.

गिनिपिगचंच घ्या. माणसासारखंच त्याच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते खाण्यातून रोज मिळावं लागतं, किलोमागे साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम. दुकानात त्याला सशाचंच खाद्य देतात, कारण दोघांचं एकच पोतं असतं. खास गिनिपिगचं खाद्य घेतलं तरी त्यातलं क जीवनसत्त्व तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत बरंचसं उडून जातं, आणि उघड्या पोत्यातून सुटं विकलेल्या खाद्याची तारीख कोण विचारतो? असं गिनिपिग माझ्याकडे येतं ते बहुधा बुटाच्या खोक्यात. तक्रार असते, ‘चालत नाही, पडलंय वाटतं’. खोकं उघडलं की ते मागचे पाय ताणून, अंग फुगवून बसलेलं असतं. एरवी गिनिपिग हात दिसला की पळतं. हे पळत नाही. गुडघ्याजवळ नुसतं बोट लावलं तरी किंचाळतं. सांधा सुजलेला आणि गरम, ओठ उलटून पाहिलं तर हिरड्यांतून रक्त, हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले. पाय मोडलेला नसतो. जुन्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही असतो. वेळेत आलं तर क जीवनसत्त्व सुरू केल्यावर आठवडाभरात फरक दिसतो. घरी रोज ढोबळी मिरचीची एक फोड, कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या, अधूनमधून आवळ्याची चकती, एवढ्याने हा आजार फिरकत नाही. भाजीवाल्याकडे पाच रुपयांत मिळणारी ही गोष्ट पिंजरा विकताना कुणी सांगत नाही.

सशाचं तसंच. त्याचे दात जन्मभर वाढतात, पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजायला गवत लागतं, रोजच्या खाण्याचा चार-पंचमांश भाग गवत. आपल्याकडे त्यासाठी परदेशी पाकीटबंद गवतच हवं असं नाही. धुऊन घेतलेली, फवारणी नसलेली हरळी उत्तम. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतं, मोठ्याला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. गाजर म्हणजे सशाचा पेढा, कधीतरी, तोंडापुरता. दुकानातल्या रंगीत मिश्र खाद्यात मका, सूर्यफुलाच्या बिया, गोड तुकडे असतात. ससा ते निवडून खातो, आतड्यांची हालचाल मंदावते आणि एक दिवस खाणं थांबतं. ससा बारा तास खात नाही म्हणजे सकाळपर्यंत वाट बघायची नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

आणि औषधं. दुकानदार खरूज दिसली की कुत्र्याच्या गोचिडांवरचे थेंब काढून देतो. त्यात फिप्रोनिल असेल तर सशाला ते जिवावर बेततं. जुलाबावर माणसाचं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सांगतो. ससा, गिनिपिग, हॅमस्टर या तिघांनाही ते तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरून घातक जंतूंचं विष पसरतं. आजाराने नाही तर औषधाने दगावलेलं जनावर बघणं फार जिव्हारी लागतं.

हॅमस्टरबद्दल थोडक्यात. सिरियन हॅमस्टर एकटा राहणारा प्राणी आहे. दुकानात आठ-दहा एकत्र ठेवतात, रात्री ते एकमेकांना फाडतात, सकाळी दुकान उघडताना कान-शेपट्या कुरतडलेल्या सापडतात. दिवसा झोपणारा जीव, पण गिऱ्हाईक आलं की उठवून दाखवतात. मऊ कापसाचं अंथरूण घेऊ नका, पायाला गुंडाळून पाय सडतो. तारेच्या चक्रात पाय अडकून मोडतो. चक्र सपाट पृष्ठभागाचं हवं.

पक्ष्यांत ‘लव्हबर्ड’ म्हणून जे हिरवे-निळे पक्षी जोडीने विकले जातात ते बहुतेक बजरी, म्हणजे मूळचे ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट. आयुष्यभर नुसती राळा-बाजरी खाऊन त्यांना अ जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडतं; गळ्यातली ग्रंथी सुजून श्वास कोंडतो, आणि माणसं म्हणतात पक्षी चिवचिवायचा थांबला, माणसाळला. चोचीच्या मुळाशी चुन्यासारखा थर दिसला तर ती खरूज आहे, उपचाराने पूर्ण जाते. बसल्या जागी श्वासागणिक शेपटी खालीवर होत असेल तर तो पक्षी गंभीर आजारी आहे.

पोपट आणि मुनियांच्या बाबतीत प्रश्न आजाराचा उरत नाही, कायद्याचा होतो. कंठवाला पोपट, पहाडी पोपट, मैना, मुनिया, म्हणजे आपल्या रानातले जवळजवळ सगळेच पक्षी, पकडायला, विकायला आणि पाळायला बंदी आहे. तेच स्टार कासवाचं, तेच सह्याद्रीतल्या रानसशाचं. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्यांसाठी निदान तीन वर्षांची कैद आहे. विकणाऱ्याला आणि घरी ठेवणाऱ्याला, दोघांनाही. मकाव, आफ्रिकन ग्रे, बॉल पायथन असे परदेशी जीव असतील तर 2024 च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. “कागद नंतर देतो” म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, तो कागद नसतो.

रुपयाएवढं हिरवं कासव, डोळ्यामागे लाल पट्टा, प्लॅस्टिकच्या तबकडीत नकली माडाखाली बसलेलं, हेही दुकानांतून दिसतं. हे अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर. वाढून ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, त्याला अंग शेकायला कोरडी जागा आणि अतिनील दिवा लागतो. तो नसेल तर कवच मऊ पडून वाकडं होतं. खुद्द अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला 1975 पासून बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालायची आणि साल्मोनेला जंतूंचा संसर्ग व्हायचा. आपल्याकडे कंटाळा आला की लोक ती तळ्यात सोडतात आणि ती देशी कासवांच्या मुळावर येतात. ‘मोकळं सोडलं’ याचं पुण्य मानू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानातल्या पिंजऱ्यापेक्षा मला जास्त चीड येते ती जत्रेत आणि शाळांबाहेर टोपलीत विकल्या जाणाऱ्या रंगीत पिल्लांची. गुलाबी, हिरवी, जांभळी. ही अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबड्यांची नर पिल्लं असतात. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठी ब्रॉयलरसारखी झपाट्याने वाढत नाहीत, म्हणून अंडी उबवणाऱ्या केंद्राला पहिल्या दिवसापासूनच नकोशी असतात. बरीचशी तिथेच मारली जातात. काही फेरीवाल्यांना कवडीमोलाने जातात आणि रंगात बुचकळून विकली जातात. दिवसभराच्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती 33 ते 35 अंश ऊब लागते, एरवी ती आईच्या पंखाखाली मिळते. ओलं करून रंगवलेलं, वाऱ्यावर टोपलीत ठेवलेलं पिल्लू गारठतं, आणि घरी नेल्यावर रात्री पंख्याखाली उरलंसुरलं संपतं. मुलांनी आधीच आणलं असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात एका कोपऱ्यावर जुन्या पद्धतीचा 60 वॅटचा पिवळा दिवा लटकवा (एलईडी नको, त्याला ऊब नसते), दिव्याखाली पिल्लं गठ्ठा करून बसली तर दिवा खाली घ्या, लांब पळाली तर वर. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर खाद्य आणि उथळ झाकणात पाणी. जगलं तर तो मोठा कोंबडा होणार आणि पहाटे चारला सोसायटी उठवणार, याचीही तयारी ठेवा.

आता दुकान ओळखायचं कसं. फरशी चकचकीत आहे का, वातानुकूलन आहे का, यावर जाऊ नका. मी आधी विचारते, “याच्यातले नर वेगळे ठेवलेत का?” आणि मग “हे कुठून आले?” पहिल्या प्रश्नाला बोट दाखवून दोन पिंजरे दाखवता आले, तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. दुसऱ्याला ‘माल बाहेरून येतो’ असं उत्तर आलं, तर नाही. पाळीव प्राणी दुकानांसाठी केंद्राचे 2018 चे नियम आहेत. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली ते आले आणि त्यांत कुत्र्या-मांजरांबरोबर ससे, गिनिपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षीही येतात. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही, जनावर कुठून आलं आणि कुणाला गेलं याची नोंदवही ठेवावी लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायचा तुम्हाला हक्क आहे. शॉप ॲक्टचा परवाना पुढे केला तर तो हा कागद नव्हे.

मग सशाकडे बघा. घाई करू नका, पाच मिनिटं नुसतं उभं राहा. पुढच्या पायांची आतली बाजू पाहा. ससा नाक पायानेच पुसतो. तिथले केस चिकटून राठ झाले असतील तर त्याला सर्दी आहे, दुकानदार नाक पुसून दाखवत असला तरी. सशाची ही सर्दी साधी नसते, वर्षानुवर्षं रेंगाळते. कानात डोकावून बघा, आत तपकिरी पापुद्रे साचले असतील तर कानाची खरूज आहे, ती बरी होते पण पिंजऱ्यातल्या सगळ्यांनाच झालेली असते. शेपटीखालचा भाग कोरडा हवा. लेंड्या गोल, कोरड्या, एकसारख्या हव्यात. वरचे दोन दात खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. दात समोरासमोर भिडत असतील तर जन्मभर ते कापत बसावं लागेल. कान धरून उचलून दाखवणाऱ्या दुकानातून तिथल्या तिथे बाहेर पडा. आणि दुसरं, निरोगी पिल्लू घेतानाही शेजारच्या पिंजऱ्यात कोण आहे ते बघा, कारण आज निरोगी दिसणारं आठवडाभर त्याच हवेत होतं. अशा दुकानातून पैसे देऊन घ्यायचं म्हणजे सगळ्यात धडधाकट निवडलं तरी जुगारच.

तक्रारीचं सांगते, पण अपेक्षा बेताची ठेवा. मूळ कायदा 1960 चा. जनावराला हलता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा त्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळी दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आजही तोच. शिवाय हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस बहुतेक वेळा नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात. म्हणून पिंजऱ्यावरून भांडण्यापेक्षा नोंदणीवर बोट ठेवलेलं जास्त लागू पडतं. नोंदणी नसेल तर दुकान बंद करता येतं, आणि दुकानदार घाबरतो तो याला. अर्ज जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या नावे लिहा, प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला आणि राज्य मंडळाला. अर्जात तारीख, वेळ, पिंजऱ्याची अंदाजे लांबी-रुंदी, त्यात किती जनावरं, पाण्याचं भांडं होतं की नव्हतं, प्रमाणपत्र मागितल्यावर काय उत्तर मिळालं, एवढंच. ‘अमानुष’, ‘राक्षसी’ असली विशेषणं नकोत. ती वाचून अधिकारी फाईल खाली ठेवतो. फोटोत पिंजऱ्याशेजारी पाण्याची लिटरची बाटली आली तर मापाचा वाद राहत नाही. पोपट, मुनिया, स्टार कासव दिसलं तर मात्र हे सगळं सोडा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. तिथे हालचाल लवकर होते. दुकानात उभं राहून हुज्जत घालू नका, तुम्ही वळलात की पिंजरा आत जातो.

आणि मुलीचा ससा? हवाच असेल तर दुकानाबाहेर शोधा. दर वर्षी परीक्षा संपल्या, बदली झाली, मूल कंटाळलं, की धडधाकट मोठे ससे निराधार होतात. काही इमारतीच्या बागेत सोडले जातात आणि दोन दिवसांत कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जातात. पाळीव ससा मूळचा युरोपातला. आपल्या रानात त्याला लपता येत नाही आणि खाणंही कळत नाही. तुमच्या जवळच्या पशुवैद्याला, प्राणी वाचवणाऱ्या स्थानिक गटांना सांगून ठेवा. वर्षभराचा ससा घेतला तर त्याचा स्वभाव समजलेला असतो, नर-मादीचा घोळ नसतो, पोटाचे धोके बरेच मागे पडलेले असतात. शक्य असेल तर दोन घ्या, दोघांचीही नसबंदी केलेली. मादीची तर करावीच, नाहीतर वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका चढत जातो. ससा आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे मुलगी कॉलेजात जाईपर्यंत. जबाबदारी तिच्या नावावर लिहू नका, ती तुमच्या दोघांची आहे. आणि नऊ वर्षांच्या मुलीने त्याला कडेवर घेऊन फिरायचं नाही, जमिनीवर बसून खेळायचं. ससा हातातून झटक्यात उडी मारतो आणि त्याचा कणा मोडतो. मुलांच्या हातून होणाऱ्या अपघातांत मी बघते तो हाच.

वाढदिवस एप्रिल-मेमध्ये येत असेल तर तेव्हा आणू नका. सशाला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की तो धापा टाकायला लागतो, आणि नव्या जागेचा धसका त्यात भर घालतो. पाऊस पडून हवा निवली की आणा. तोवर मुलीला गॅलरीतल्या एका पसरट कुंडीत हरळी लावायला सांगा. आठवडाभर तिने रोज पाणी घातलं की नाही त्यावरून तुम्हालाही अंदाज येईल.